काळवंडलेली जर आणि सफाईचा हव्यास

जुन्या वस्त्रांच्या जतनकलेत आज सर्वांत उशिरा घ्यायचा निर्णय सफाईचा असला पाहिजे; आपल्याकडे अजून तो सर्वांत आधी घेतला जातो. ‘केलेले काम पुढे पूर्ववत करता यावे’ हे या शास्त्राचे मान्य तत्त्व. उदाहरणार्थ, 1814 साली फोर्ट मॅकहेन्री या किल्ल्यावर फडकलेल्या अमेरिकी ध्वजाला 1914 मध्ये ध्वज-दुरुस्तीच्या जाणकार अमेलिया फाउलर यांनी सुमारे 17 लाख टाक्यांनी लिननचे अस्तर लावले. 1998 नंतर वॉशिंग्टनमधल्या जतनकारांनी ते टाके काढून अस्तर उतरवले. काम जिकिरीचे होते, पण होऊ शकले. धुऊन काढलेल्या मळाचे तसे होत नाही. त्या मळात वापराचा, धुराचा, कधी मूळ रंगाचाही पुरावा असतो आणि तो कायमचा जातो.

पैठणीसारख्या जरीच्या वस्त्रात ही अडचण टोकाला जाते. जुन्या अस्सल जरीत रेशमी दोऱ्याभोवती चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते, वर सोन्याचा पातळ मुलामा. हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी चांदीवर काळा थर चढतो. तो घासला की काळेपणासोबत मुलामाही झिजतो. चांदी उजळवणाऱ्या आम्लयुक्त द्रावणात बुडवावे, तर द्रावण आतल्या रेशमापर्यंत पोचते. क्षारयुक्त उपाय करावा, तर रेशमाला क्षारही सोसत नाहीत. धातूला मानवणारा उपचार धाग्याच्या जिवावर उठतो. म्हणून बहुतेक वेळा काळवंडलेली जर तशीच ठेवणे हाच जाणता निर्णय, मग काठ कितीही मलूल दिसो.

मळ स्वतःच घातक नाही का, हा आक्षेप रास्त आहे. धुळीचे कण धाग्यांना कापतात, घामाचे डाग त्यांना कुजवतात, अन्नाचे डाग किडीला बोलावतात. पण सुटी धूळ बारीक जाळी अंथरून मंद ओढीच्या व्हॅक्यूमने निघते. डाग खरोखर वस्त्र खात असेल, तर प्रत्येक रंगाची थेंबभर पाण्याने परीक्षा घेऊन मगच धुण्याचा विचार करावा. ‘पैठणी नेसायची आहे, काचेत ठेवायची नाही’ असे म्हणणाऱ्यांचा हक्कही मान्य; मात्र विरू लागलेले रेशीम ड्रायक्लीनिंगच्या फिरत्या पिंपात घातल्याने नेसण्याजोगे होत नाही. घरांतली जुनी रीतही पारखून घ्यावी. धुतलेल्या मलमलीत गुंडाळणे आणि घड्या बदलत राहणे उत्तम. ऊन दाखवणे मात्र रंगांना मारक, कारण प्रकाशाने उडालेला रंग परत येत नाही. संग्रहालये नाजूक वस्त्रांवर 50 लक्सच्या आसपासच प्रकाश पडू देतात, ते याचसाठी.

आपल्याकडे कौतुक होते ते ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या छायाचित्रांचे. वस्त्रातून काय काढले, कशाने काढले आणि का, याची नोंद क्वचितच मागितली जाते. ती प्रत्येक वस्त्रासोबत असावी, काढलेल्या मळाचा नमुनाही जपावा आणि काहीच न करण्याचा निर्णय घेतला असेल, तर त्याचीही कारणे लिहून ठेवावीत.