कर्णाचे वीरत्व आणि विकर्णाचा रथ

कर्णाविषयी मराठी वाचकाचे मत बहुधा आधीच ठरलेले असते. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय' (१९६७) या कादंबरीने ते अधिकच दृढ केले. दैवाने नाडलेला, परंतु वीरत्वात कोठेही उणा न पडलेला योद्धा, असे त्याचे रूप रूढ आहे. महाभारताची संहिता इतकी उदार नाही. द्रौपदीने स्वयंवरात त्याला सूत म्हणून नाकारल्याचा सर्वश्रुत प्रसंग भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीने (१९६६ साली पूर्ण) मूळ पाठात स्वीकारलेला नाही. त्यामुळे द्यूतसभेतील कर्णाच्या वर्तनामागे अपमानाचा सूड शोधण्याची सोयही राहत नाही.

विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त वीराचे दान, धर्म, युद्ध आणि दया असे चार भेद मानले आहेत. कर्णाच्या दानवीरत्वाविषयी वाद संभवत नाही. इंद्राचे कपट ठाऊक असूनही त्याने कवचकुंडले दिली. खरी अडचण आहे ती युद्ध आणि धर्म या दोन भेदांची.

वनपर्वातील घोषयात्रेत चित्रसेनाच्या गंधर्वांपुढे कौरवसेनेची दाणादाण उडते. कर्ण निकराने लढतो. पण रथाचा चक्काचूर होताच तो विकर्णाच्या रथावर चढून निसटतो. मागे दुर्योधन बंदी होतो आणि त्याला सोडविण्याचे काम पांडवांना करावे लागते. ज्या मित्रासाठी प्राण देण्याची भाषा कर्ण नित्य बोलतो, त्यालाच तो येथे रणांगणावर सोडून जातो. रथ विकर्णाचा असावा, ही गोष्ट टीकाकारांच्या नजरेतून सहसा निसटते. द्यूतसभेत द्रौपदी जिंकली गेलेली नाही, असे उघडपणे म्हणणारा धृतराष्ट्राचा एकमेव पुत्र हाच. त्याला पोरकट ठरवून गप्प करणारा आणि द्रौपदीची वस्त्रे हिरावण्यास सांगणारा कर्णच होता. पुढे द्रोणपर्वात भीमापासून कर्णाचे रक्षण करण्यासाठी दुर्योधन ज्या भावांना धाडतो, त्यांतही विकर्ण आहे आणि तो तेथेच मारला जातो. व्यासांनी यावर भाष्य केलेले नाही. परंतु धर्मवीर कोण, याचा निवाडा करताना हे दोन प्रसंग एकत्र वाचणे प्राप्त आहे.

म्हणून कर्णाला भ्याड म्हणता येईल काय? तसे म्हणणे उद्योगपर्वाला डावलण्यासारखे होईल. कृष्ण त्याला जन्मरहस्य सांगून राज्य देऊ करतो. कौरवांचा नाश स्पष्ट दिसत असतानाही कर्ण ते नाकारतो आणि हे रहस्य युधिष्ठिरापासून लपवून ठेवण्याची विनंती करतो. त्याच संवादात पांडवांना बोललेल्या कटू शब्दांचा पश्चात्तापही तो व्यक्त करतो. कुंतीला दिलेले वचन पाळून पुढे हाती सापडलेल्या भीमाला तो जिवंत सोडतो. मात्र धनुष्याच्या टोकाने डिवचून, त्याची निर्भर्त्सना करून. या दयेला दयावीराची दया म्हणणे कठीण आहे. ती वचनपूर्ती आहे, आणि तेवढ्यापुरतीच निर्दोष आहे.

कर्णपर्वात रथाचे चाक रुतल्यावर तो अर्जुनाला युद्धधर्माची आठवण देतो. कृष्ण द्यूतसभेचा आणि अनेकांनी घेरून मारलेल्या अभिमन्यूचा दाखला देतो. कर्णाजवळ उत्तर नसते; लज्जेने त्याची मान खाली जाते. कवीने येथे त्याच्या तोंडी एकही सबब घातलेली नाही. 'मृत्युंजय'च्या वाचकाला जी सहानुभूती आयती मिळते, ती संहितेच्या वाचकाला या मौनापाशी थांबून स्वतः ठरवावी लागते. त्यानंतर कर्ण पुन्हा धनुष्य उचलतो आणि लढत राहतो.