सांचोचा शेजारी

'डॉन क्विक्झोट'चे नाव निघाले की पवनचक्क्यांवर चालून जाणारा खुळा सरदार आठवावा आणि हसावे, असा प्रघातच पडून गेला आहे. हे हसू खोटे नव्हे. पण त्याच्याखाली हॅब्सबर्ग घराण्याच्या साम्राज्याचा जो हिशेब सर्व्हांटिसने मांडून ठेवला आहे, तिकडे फारसे कुणी वळत नाही, ही माझी तक्रार आहे.

हे साम्राज्य त्याने अंगावर सोसले होते. १५७१ साली लेपांटोच्या आरमारी लढाईत त्याचा डावा हात निकामी झाला. १५७५ ते १५८० ही वर्षे अल्जियर्सच्या कैदेत गेली. पुढे दुसऱ्या फिलिपच्या आरमारासाठी अँडलूशियात गहू व तेल वसूल करीत तो हिंडला. पोर्तुगालच्या गादीबरोबर आपला गोवाही ज्याच्या सत्तेखाली गेला, अमेरिकेची चांदी ज्याच्याकडे येत होती, त्याच फिलिपने १५९६ साली सावकारांची देणी थांबवली!

१६०९ ते १६१४ या काळात तिसऱ्या फिलिपने सुमारे तीन लाख मोरिस्कोंना, म्हणजे मुसलमान पूर्वजांच्या बाटलेल्या ख्रिस्त्यांना, देशाबाहेर घालवले. १६१५ च्या दुसऱ्या भागात त्यांतलाच एक, सांचोचा शेजारी रिकोते, यात्रेकरूच्या वेषात परततो. राजाज्ञा योग्यच होती असे तो म्हणतो, आणि जाऊ तिथे आम्ही स्पेनसाठी रडतो असेही सांगतो. काही टीकाकारांना ही राजस्तुती खरी वाटते, काहींना भयाने चढवलेला मुखवटा. कादंबरी लिहिणारा म्हणून मला वाटते, लेखकाचे मन पात्राच्या भाषणात नव्हे, प्रसंगाच्या रचनेत शोधावे. दोघे गवतावर बसून एकत्र जेवतात, दारू पितात. पुरलेले धन काढण्यास मदत केलीस तर दोनशे एस्कुदो देईन, असे रिकोते म्हणतो. सांचो नकार देतो. तो राजद्रोह ठरेल. पण तुझी चहाडीही करणार नाही, असे बजावतो. राजनिष्ठा आणि शेजारधर्म यांच्यामधली ती चिंचोळी वाट एका निरक्षर शेतकऱ्याला सापडते. दरबाराला सापडली नाही.

पुढे रिकोते आणि त्याची मुलगी यांना देशात राहू दिले की नाही, याचा निकाल कादंबरी देत नाही. कुणी याला रचनेतला दोष म्हणतील. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. गोड शेवट केला असता तर ते असत्य झाले असते, आणि खरा शेवट लिहिण्याची सोय त्या राज्यात नव्हती.