१८ मिनिटांचा समुद्र

मॅरिलियन या ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडने ‘अनोरॅकनोफोबिया’ (२००१) ध्वनिमुद्रित करण्याआधीच श्रोत्यांकडे पैसे मागितले. १२ हजारांवर लोकांनी न ऐकलेल्या अल्बमची आगाऊ नोंदणी केली. अल्बम मात्र बेताचाच. त्या विश्वासाची परतफेड झाली ती ‘मार्बल्स’मध्ये (२००४), आणि तीही सगळ्यांसाठी नव्हे. दुकानांत आलेल्या एका सीडीच्या आवृत्तीत ‘ओशन क्लाउड’ नाहीच. बँडने थेट विकलेल्या दोन सीडींच्या संचात ते आहे. एकट्याने अटलांटिक वल्हवत निघालेल्या माणसाचे हे जवळजवळ १८ मिनिटांचे गाणे. स्टीव्ह रॉदरीची गिटार उसळते, ओसरते. मध्ये वाद्ये इतकी विरळ होतात, की ऐकणाराही एकटा पडतो. सहा मिनिटांत हा माणूस किनाऱ्यापासून फार लांब गेला नसता.