न लागलेली गोळी

घरातल्या मुलांनी रोआल्ड डाल यांचे ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ माझ्यापुढे टाकले, तेव्हा हा गृहस्थ कधीकाळी लढाऊ विमान उडवीत होता असे कोणी सांगितले असते, तर मी हसून सोडून दिले असते. पुढे त्यांचे ‘गोइंग सोलो’ (१९८६) हे आत्मकथन हाती आले आणि या चॉकलेटवाल्याकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो.

डाल १९१६ साली वेल्समध्ये नॉर्वेजियन आईबापांच्या पोटी जन्मले. शेल कंपनीच्या नोकरीसाठी आफ्रिकेत दारेसलामला गेले. १९३९ साली युद्ध पेटताच ब्रिटिश वायुदलात शिरले. पुढे वॉशिंग्टनच्या ब्रिटिश वकिलातीत अधिकारी, मग कथालेखक, ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ या बाँडपटाचे (१९६७) पटकथाकार आणि मुलांचे लाडके लेखक. एका जन्मात माणसाने किती धंदे करावेत! पण मला वाटते, या साऱ्याची किल्ली एका संध्याकाळच्या प्रसंगात आहे. आणि तो प्रसंग दोनदा, दोन तऱ्हांनी वाचकांपुढे आला आहे.

१९ सप्टेंबर १९४० रोजी इजिप्तच्या वाळवंटात आपल्या नव्या तुकडीचा तळ शोधीत डाल ग्लॅडिएटर विमानातून एकटेच निघाले. सांगितलेल्या जागी तळ नव्हता. अंधार पडत आला, पेट्रोल संपत आले. नाइलाजाने खडकाळ जमिनीवर उतरविलेले विमान आपटले आणि पेटले. कवटीला तडा, नाक चेचलेले, आणि कित्येक आठवडे डोळ्यांपुढे काळोख.

हीच हकीकत १९४२ साली अमेरिकेच्या ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’मध्ये आली, ती ‘लिबियावर पाडले गेलो’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली. लेखक म्हणून त्यांचा जन्म याच लेखाने झाला. आता गंमत पाहा : विमान कोणी पाडले नव्हते, आणि जागाही लिबियातली नव्हती! युद्धाच्या धामधुमीत वाचकाला शूर वैमानिक हवा होता. चुकीचा पत्ता मिळालेला वैमानिक कोणाला हवा असतो?

‘गोइंग सोलो’मध्ये सत्तरीला टेकलेले डाल त्या शत्रूला रजा देतात. उरतो तो एक तरुण, रिकामी होत चाललेली टाकी आणि चुकीची जागा सांगणारा वरिष्ठ. मला हे निवेदन पहिल्याहून कितीतरी मोठे वाटते. गोळीने मरण्यात निदान मान तरी आहे. दुसऱ्याच्या हलगर्जीपणाने मरणे ही युद्धाची खरी, लाजिरवाणी बाजू. वस्तुतः डाल यांना खोट्या गोळीची गरजच नव्हती. एप्रिल १९४१ मध्ये ग्रीसच्या आकाशात हरिकेन विमानातून ते खरोखरच लढले. त्यांच्याबरोबर विमानविद्या शिकलेल्या सोळा जणांच्या तुकडीतले तेरा दोन वर्षांत हवेतच मेले, हेही ते आवाज न चढविता सांगतात.

पुस्तकात उणे नाही असे नाही. आफ्रिकेच्या प्रकरणांत नोकर मदिशो याच्यावर लेखकाची माया आहे, पण ती मालकाची माया. मदिशोच्या मनात डोकावण्याची तसदी लेखक फारशी घेत नाही. विमान जमिनीवरून उठते तेव्हाच त्यांची लेखणीही उंच जाते.

तरीही बेफिकीर मोठी माणसे आणि त्यांच्या तावडीतून अकलेने निसटणारे लहान जीव, हे डाल यांच्या बालकथांतले जग कुठून आले असेल, याचा पत्ता मला त्या वाळवंटातच लागतो. ‘मटिल्डा’ दोनच वर्षांनी, १९८८ साली आली, हे विसरू नये.

हा प्रसंग मी घरी वाचून दाखविला, तेव्हा धाकट्याने विचारले, “मग विमान पाडले कोणी?”

“कोणीच नाही,” मी म्हणालो.

तो थोडा हिरमुसला. मग म्हणाला, “पुढे वाचा.”