‘सेराफ’ची गोष्ट सांगतंय कोण?

युअन माँटेग्यू यांचं ‘द मॅन हू नेव्हर वॉज’ (१९५३) एका बैठकीत वाचून होतं. पण ‘सेराफ’ या ब्रिटिश पाणबुडीच्या इतिहासाचं साधन म्हणून ते वापरणार असाल, तर जरा थांबा. ३० एप्रिल १९४३ च्या पहाटे या पाणबुडीने स्पेनच्या उएल्वाजवळ एक प्रेत समुद्रात सोडलं. सोबत खोटी कागदपत्रं. हल्ला सिसिलीवर नाही, ग्रीसवर होणार, असं जर्मनांना वाटावं म्हणून. माँटेग्यू या बनावाच्या सूत्रधारांपैकी एक. म्हणजे साक्षीदारही तेच, वकीलही तेच! तो माणूस न्यूमोनियाने गेला, असं ते लिहितात. १९९६ मध्ये सरकारी कागदपत्रांतून नाव सापडलं: ग्लिंडूर मायकेल. वेल्सचा, बेघर, उंदराच्या विषाने मेलेला. पुस्तकात त्याला जागाच नाही, आणि माझा खरा आक्षेप हाच.

मग खलाशांच्या आठवणी घ्याल? तिथेही गोची आहे. डब्यात हवामानाचं गुप्त यंत्र आहे, असंच कप्तान ज्युएल यांनी त्यांना सांगितलं होतं. दहा जणांचं एकमत झालं तरी पुरावा एकच. हे पुस्तक प्रबंधात जरूर घ्या. पण १९५३ मध्ये काय सांगायची मुभा होती, त्या प्रकरणात.