मौलाना मौदुदी : दोन रूढ मतांचें परीक्षण

नूतन स्वतंत्र राष्ट्रांत धर्मपंडितांनीं लोकसत्तेस केलेल्या विरोधाचा विषय निघाला म्हणजे मौलाना अबुल आला मौदुदी यांचें नांव पुढें येतें. त्यांचा जन्म २५ सप्टेंबर १९०३ रोजीं औरंगाबादेस, म्हणजे हल्लींच्या छत्रपति संभाजीनगरास झाला. कोणी त्यांस पाकिस्तानचे आद्य पुरस्कर्ते समजतात, तर कोणी केवळ जुन्या व्यवस्थेचे राखणदार. आमच्या मतें हीं दोन्ही मतें ग्राह्य नाहींत.

पहिलें मत कालक्रमास बाधक आहे. १९३३ पासून हैदराबादेंत संपादिलेल्या ‘तर्जुमानुल् कुराण’ मासिकांतून त्यांनीं पुढें काँग्रेसचा राष्ट्रवाद जसा खोडून काढला, तसाच मुस्लिम लीगचाहि. २६ ऑगस्ट १९४१ रोजीं लाहोरास जमाते इस्लामी स्थापिली, ती लीगबाहेरच. नव्या राज्याची घटना इस्लामी करण्याची चळवळ १९४७ नंतरची. सबब पूर्वींचे व नंतरचे लेख एका सूत्रांत ओंवणें सदोष होय.

दुसरें मत अपुरें आहे. १९४० सालीं अलीगढ येथील व्याख्यानांत त्यांनीं क्रांतीचीच भाषा वापरली. चालू व्यवस्था राखणें हा त्यांचा हेतु नव्हता. परंतु अर्वाचीन क्रांतीचें मूळ जें जनतेचें सार्वभौमत्व, तेंच त्यांस अमान्य. सार्वभौम ईश्वर, मनुष्य केवळ त्याचा विश्वस्त. १२ मार्च १९४९ रोजीं पाकिस्तानच्या घटनासमितीनें मंजूर केलेल्या ध्येयविषयक ठरावांतहि सार्वभौमत्व ईश्वराकडे दिलें आहे. मौलाना मात्र त्या वेळीं त्याच राज्याच्या तुरुंगांत होते!

या सिद्धांताची खरी कसोटी १९५३ च्या अहमदियाविरोधी दंगलींत लागली. त्या प्रकरणीं लष्करी न्यायालयानें मौलानांस देहान्ताची शिक्षा सुनावली. ती पुढें कमी झाली. चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ति मुनीर व कयानी यांनीं ‘मुसलमान कोण?’ असें उलेमांस विचारिलें, तेव्हां दोघांचेंहि उत्तर जुळलें नाहीं, असें १९५४ चा अहवाल नमूद करितो. ज्या व्याख्येवर पंडितांचेंच एकमत नाहीं, तिच्यावर नागरिकाचे हक्क टांगले तर अल्पसंख्याकांचा जीव सुरक्षित राहत नाहीं. आमचा मुख्य आक्षेप हाच.

मौलानांनीं दख्खनच्या राजकीय इतिहासावरहि ग्रंथरचना केली आहे. तेव्हां संग्राहकांस विनंति कीं, जुने उर्दू अंक हातीं आल्यास बांधणी करितांना मुखपृष्ठें काढून टाकूं नयेत. महिना व साल गेलें म्हणजे त्या लेखाची साक्षहि गेली.