पूर्वसंशोधनाचा आढावा

विद्यापीठीय प्रबंध वाचण्याचा प्रसंग आम्हांस वरचेवर येतो, आणि बहुधा दुसऱ्या प्रकरणापाशीं आमचें मन खट्टू होतें. ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ असें त्याचें भारदस्त नांव. आंत मात्र अमक्यानें हें म्हटलें, तमक्यानें तें म्हटलें, अशी लग्नांतील आहेराच्या यादीसारखी टिपणें. यादींत चूक नसते; पण तिचा उपयोगहि नसतो.

ज्ञानेश्वरीचा कर्ता व अभंगांचा कर्ता एक कीं दोन, हा वाद शिवराम एकनाथ भारदे यांनीं ‘भारद्वाज’ या नांवानें 1898-99 च्या सुमारास ‘सुधारक’ पत्रांत उपस्थित केला. त्यावर लिहिणारे पुष्कळ जण भारद्वाजांस चार ओळींत निकालांत काढतात, आणि त्या ओळीहि त्यांचें खंडन करणाऱ्यांच्या ग्रंथांतून उचललेल्या असतात! वादीची कैफियत प्रतिवादीच्या वकिलाकडून ऐकावी, हा कोठला न्याय?

आढाव्यास आरंभ प्रश्नापासून व्हावा. ‘ज्ञानेश्वरांविषयीं काय काय लिहिलें गेलें’ हा प्रश्नच नव्हे. ‘एककर्तृत्वाविरुद्ध कोणते पुरावे पुढें आले व ते कितपत टिकले’ हा प्रश्न होय. मग शोध. केवळ ‘ज्ञानेश्वर’ या नांवावर भिस्त ठेवणाऱ्याच्या हातून ‘ज्ञानदेव’ निसटतो आणि ‘भावार्थदीपिका’हि निसटते. शं. ग. दाते यांची 1800 ते 1937 पर्यंतची सूची अमोल खरी, पण ती ग्रंथांची. वृत्तपत्रांतील लेखांसाठीं जुने अंकच उलगडावे लागतात. ‘शोधगंगे’वर प्रबंध घरबसल्या मिळतात, ही आजच्या अभ्यासकाची चैन! कोठें, केव्हां, कोणत्या शब्दांनीं शोधलें, काय टाकलें व कां टाकलें, याची वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवावी. ती मागाहून रचतां येत नाहीं.

मांडणी लेखकवार नको, मुद्देवार हवी: भाषेचा पुरावा एकीकडे, विठ्ठलभक्तीचा दुसरीकडे, एकच लेखक दोन्ही ठिकाणीं आला तरी बिघडत नाहीं. आणि सनांकडे लक्ष असावें. राजवाड्यांची ज्ञानेश्वरी 1909 सालीं प्रसिद्ध झाली. तत्पूर्वीं भाषेवरून वाद घालणाऱ्यांच्या हातीं तो पाठ छापील रूपांत नव्हता. सबब भारद्वाजांचा भाषाविषयक मुद्दा तपासतांना त्यांच्यापुढें कोणती प्रत होती, हें आधीं पाहिलें पाहिजे. आणि त्यासाठीं ‘सुधारका’चे ते अंकच उघडावे लागतील.